झोपू दे त्याला

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. भर दुपार आहे. एका खोलीचं दार अर्धवट लोटलेलं आहे आणि त्या फटीला नाक लावून सातवीतली एक मुलगी उभी आहे. आत तिचा दादा घोरतो आहे. तुम्हीही तिच्याशेजारी उभे राहा. आवाज मात्र करू नका. या घरात आत्ता आवाजाला बंदी आहे.

आई कपडे शिवते. एरवी दिवसभर तिचं मशीन धडधडत असतं. आज ते बंद होतं. उद्या द्यायचा कोट मांडीवर घेऊन ती हातानंच काठ दुमडत बसली होती. मशीनच्या आवाजानं लेकाची झोप मोडायला नको. किती दिवसांनी लागली होती! दुकानाची पाटी रंगवताना तो शिडीवरून पडला, खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

दुखणं थांबावं म्हणून दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या होत्या. अफूच्या जातीच्या, कडक. खांदा भरून आला तशा डॉक्टरांनी त्या बंद केल्या. दादाला बंद करता आल्या नाहीत. गोळी चुकली की घाम, थरथर, पोटात मुरडा, चिडचिड. मग एक मित्र कुठून तरी आणून द्यायला लागला. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. आईला त्या दिसत होत्या. पण पाकीट दवाखान्यातल्यासारखंच होतं. तिच्या लेखी ते औषध होतं.

"आई, दादा कसातरीच घोरतोय गं," धाकटी कुजबुजली.

"बापावर गेलाय. तेही असेच. शेजारचे भिंत ठोकायचे." आई दातांनी दोरा तोडत हसली. "तू हल बघू तिथून."

"पण मध्येच थांबतो. मग एकदम खर्रकन ओढतो. मंगळवारी आमच्या वर्गात सगळे असंच घोरत होते."

"आता शाळेत घोरायचाही तास असतो का?"

तास घोरण्याचा नव्हता. त्या मंगळवारी शाळेत अफूच्या जातीच्या गोळ्यांबद्दल सांगायला एक नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी तो आवाज आधी स्वतः काढून दाखवला, मग मुलांना काढायला लावला. मुलं हसून हसून बाकांवर लोळली. बाई हसल्या नाहीत. "हा आवाज कानात ठेवा," त्या म्हणाल्या. "या गोळ्या जास्त झाल्या की माणूस असा घोरतो. ती झोप नसते. त्याचा श्वास बंद पडत चाललेला असतो. ओठ जांभळे होतात, अंग गार पडतं. मोठ्यानं हाका मारा, गदागदा हलवा. उठला नाही तर अँब्युलन्स बोलवा, त्याला कुशीवर वळवा आणि एकटं सोडू नका. कुणी रागावेल म्हणून थांबू नका. आधी त्याला उठवा."

धाकटीला यातलं फक्त घोरणं ऐकू आलं. ती तेव्हा भिंतीपलीकडे, वाचनालयात एकटी बसली होती. मधल्या सुट्टीत तिनं मैत्रिणीला विचारलं, "काय शिकवलं गं?"

"तुला नाही सांगायचं," मैत्रीण म्हणाली. "तुझ्या आईनंच नको म्हटलंय ना?"

म्हटलं होतंच. हातातलं काम टाकून आई मुद्दाम मुख्याध्यापिकांकडे गेली होती. "माझ्या पोरीला त्या तासाला बसवू नका, बाई. असलं काही कानावर पडलं की पोरं करून बघतात. आणि नशा करणाऱ्यांची घरं वेगळी असतात. आमच्याकडे कुणी साधी सिगारेट ओढत नाही."

मुख्याध्यापिकांनी समजावून पाहिलं. आई उठून आली.

आत फोन वाजला. दादाच्या उशाशी, मोठ्यानं. गोळ्या आणून देणारा तोच मित्र होता. दचकून आईनं बोटाला सुई टोचून घेतली.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? बंद कर तो आधी! झोपू दे त्याला!"

धाकटी धावली. फोन कानाशी वाजत होता, तरी दादा हलला नव्हता. तिनं फोन बंद केला. खोलीत एकदम शांत झालं. दादाच्या हाताला तिचा हात लागला. तो गार होता. ओठही जांभळट दिसत होते. गारठलाय बिचारा, तिला वाटलं.

तिनं पांघरूण हलकेच त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं. चवड्यांवर चालत बाहेर आली. दाराची कडी वाजू न देता दार लावून घेतलं. आणि आईकडे बघून, ओठांवर बोट ठेवून, अगदी हळू म्हणाली, "आता घोरतही नाहीये."