दुसरं कोणी बोललं नाही तर

चोवीसच्या चोवीस सर्व्हर उठले. तिच्या मागे उभ्या असलेल्या, इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. वरच्या मजल्यावर सहा ऑपरेशनं खोळंबली होती. "जमवलंस हो," त्या म्हणाल्या आणि लगबगीने निघून गेल्या.

जमलं होतं खरं. या सर्व्हरना स्वतःची डिस्कच नव्हती. ते कोऱ्या डोक्याने जागे होत, 'मी कोण, माझं काम काय?' अशी वायरवर हाक मारत. कोणी उत्तर दिलं, की पलीकडच्या खोलीतल्या साठ्यातून आपलं सगळं शहाणपण ओढून घेत. उत्तर देणारं जुनं यंत्र भंगारात काढून तिने कालच नवं बसवलं होतं.

जुनी मांडणी तिच्या बाबांची. तीन वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत ही खोली तेच सांभाळत. "म्हाताऱ्याने कागदावर एक ओळ ठेवली नाही," असं इथे सगळे म्हणत. तीही म्हणे. रोज जेवताना बाबा विचारत, "काही अडलंय का?"

"तुमच्या काळचं नाही राहिलं ते, बाबा."

तिने मोठ्या कौतुकाने नव्या यंत्राची नोंद उघडली. आलेल्या हाका: शून्य.

तिने यंत्रामागे वाकून पाहिलं. वायर शेजारच्या भोकात खोचली होती, तीही तिनेच. यंत्राला काही ऐकूच आलं नव्हतं. मग चोवीस जणांना उत्तर दिलं कोणी?

सर्व्हरकडून निघालेल्या वायरीचा माग काढत ती चक्क रांगत गेली. बॅटऱ्यांच्या कपाटामागे, बोटभर धुळीत, जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र हिरवा दिवा लुकलुकवत बसलं होतं. त्यावर पिवळी पडलेली पट्टी, बाबांच्या अक्षरात: 'दुसरं कोणी बोललं नाही, तरच हा बोलतो. बंद करू नये.'

इतकी वर्षं ते नुसतं ऐकत बसलं होतं, एकदाही मध्ये तोंड न घालता. तिला त्याच्यासमोर मोठ्याने श्वास घ्यायचाही संकोच वाटला. ती तशीच जमिनीवर बसली आणि धुळीच्या हातांनी तिने घरी फोन लावला.

पहिली रिंग पुरती वाजलीही नाही. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही.

"हं," बाबा म्हणाले, "विचार."