ॲपलची वही

“झाडाच्या टोकाला जी बारकी बारकी फळं राहून जातात, त्यांना काय म्हणता?” हेस्टरनं विचारलं.

“ग्रिगल,” हॅरी म्हणाला. “ती उतरवायची न्हाईत. पोराटोरांसाठी सोडायची असत्यात.”

हेस्टर पिमलटची पेन्सिल क्षणभर थांबलीच. दोन वर्षं ती विद्यापीठाची छापील प्रश्नावली घेऊन इंग्लंडमधली खेडी पालथी घालत होती. हा शब्द तिनं एका जुन्या पत्रात वाचला होता. माणसाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला.

तिच्या प्रोफेसरांना ‘ॲपल’ या एका शब्दावर अख्खा ग्रंथ काढायचा होता. कुठल्या गावात तो कशाकशाला लावतात, गळून पडलेल्या फळाला काय म्हणतात, सुरकुतलेल्याला काय, सगळं. सफरचंदांसाठी नावाजलेल्या सॉमरसेटच्या बागा त्यात नसतील तर असल्या ग्रंथाला काय अर्थ? आणि नेमकी इथंच हेस्टर दोनदा तोंडघशी पडली होती. एका गावचा म्हातारा ठार बहिरा निघाला. दुसऱ्या गावचा ती पोचायच्या आदल्या दिवशीच वारला.

“शनिवारपर्यंत वही भरून आली नाही, तर पुन्हा टायपिंगला बसा,” प्रोफेसरांनी सांगून टाकलं होतं. टायपिंगच्या त्या खोलीत हेस्टरनं चार वर्षं काढली होती. तिथं परत जायच्या नुसत्या विचारानं तिला रडू यायचं.

नेदर कोम हे शेवटचं गाव. इथं मात्र ज्याला विचारावं तो एकच नाव घेई.

“जुनं बोलणं? मग हॅरीकडं जावा,” दुकानातली बाई म्हणाली आणि उगाचच गालात हसली.

नियम कडक होते. माणूस साठीपुढचा हवा. त्याच गावात जन्मलेला हवा. बाहेरगावी राहिलेला नको. हॅरी एकसष्ट वर्षांचा होता. हेस्टर पहिल्यांदा आली तेव्हा तो शिडीवर चढून सफरचंदं उतरवत होता आणि वरूनच खिडकीकडे बघत ओरडत होता, “आई, पाव्हणी आलीया, चहा ठेव!” घरात चुलीपाशी चौऱ्याऐंशी वर्षांची टिझर्डआजी पाटीभर सफरचंदं सोलत बसलेली. आणखी काय पाहायचं? जन्मगावाचा रकाना वहीच्या शेवटच्या पानावर होता. तो भरण्यापुरताच राहिला होता.

तीन दिवस हॅरी बोलत होता आणि हेस्टर लिहीत होती. त्या भागातले लोक सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या दारूला, ‘झायडर’ म्हणतात. हॅरीचा ‘झ’ तर गावात सगळ्यांत ठसठशीत होता. हेस्टरनं त्याखाली आनंदानं दोन रेघा ओढल्या.

आजी मात्र चकार शब्द काढत नव्हती. मधूनच टाळ्याला जीभ लावून ‘च्च’ करायची, तेवढंच.

“आजींना मी आलेलं आवडत नाही का?” हेस्टरनं दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं.

“तुमचं काय न्हाई त्यात. पेन्सिल दिसली की तिची वाचा बसती,” हॅरी म्हणाला. “शाळंत असताना हेच शब्द बोलली म्हणून मास्तरणीनं छडीनं हात फोडलं तिचं. तवापासनं शिकलेल्या माणसाम्होरं तोंड उघडत न्हाई.”

हेस्टरला फार वाईट वाटलं. त्या मास्तरणीच्या वाटणीची माफी आपणच मागावी, असंही मनात आलं. पण ती मागायची कशी, ते तिला सुचेना.

गुरुवारी दुपारी शेवटचं पान आलं.

“पाइनच्या बोंडाला काय म्हणता?”

“तेबी ॲपलच.”

“आणि ओकच्या झाडावर गाठ येते ती?”

“ॲपलच. आमाला सगळंच ॲपल दिसतंय!” हॅरी खदखदून हसला. आजीनं ‘च्च’ केलं.

हेस्टरही हसली. वही भरली होती. खोटं कशाला, तिला त्या म्हाताऱ्याला मिठीच मारावीशी वाटत होती.

“झालं बघा. जन्मगाव नेदर कोमच ना?” तिनं पेन्सिल टेकवली.

हॅरीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“ब्रेमेन,” तो म्हणाला.

“हे कुठं आलं?”

“जर्मनीत. हाइनरिख माझं नाव. एकोणीसशे सतरा साली, पयल्या म्हायुद्धात, कैदी म्हणून ह्या मळ्यावर आणला मला. लढाई संपली, पर तवर हिच्या लेकीत, नेलीत, जीव अडकला हुता. मग कुठला जातोय परत? लगीन केलं, ऱ्हायलो.” त्यानं मान खाली घातली. “आलो तवा इंग्रजीचा एक शबूद येत नव्हता. हे समदं सासूनं शिकवलं, ह्याच बागंत. गावाला ठाव हाय की. मला वाटलं, तुमास्नी कुणीतरी सांगितलं आसंल.”

हेस्टर वहीकडे बघत राहिली. हॅरीवर रागवावं तर त्यानं कधी खोटं सांगितलं होतं? तिनंच विचारलं नव्हतं.

“वही रद्द करावी लागेल,” ती कशीबशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. नियमाप्रमाणे तिनं पहिलं पान उघडलं, पट्टी ठेवली आणि ‘ग्रिगल’वर आडवी रेघ ओढायला घेतली.

“आगं ए पोरी, खोडतीस कशाला?” चुलीपाशी सुरी खाली ठेवत टिझर्डआजी म्हणाली. “तीनच ठिकाणी चुकलाय त्यो. माझा जलम हितलाच, नाव लिव्ह माझं. आन् बस खाली, पयल्यापासनं सांगते.”