सरळ चालत या

"थांबा, थांबा! हव्वाबी, बंद कर गं तो ग्रामोफोन!"

अजराने कपाळावर हात मारून घेतला. आखाताकाठच्या देरा गावातल्या त्या मुलींच्या शाळेच्या अरुंद, वाळूच्या अंगणात आठही जणी पुन्हा वेड्यावाकड्या उभ्या होत्या. चौघींच्या डोक्यावर भावांच्या टोप्या. त्या पुरुष. चौघी ओढणीतल्या. त्या बायका. खरे मुलगे घेतले असते तर एकीलाही घरून परवानगी मिळाली नसती.

नाच विलायती, पिंटो मिसनी शिकवलेला. दोन रांगा समोरासमोर. पुरुषाने यायचं, बाईला हात धरून फिरवायचं, आणि बाईने तोवर खांबासारखं उभं राहायचं! अजराने तो अख्खा नव्याने बसवला होता. दोन्ही रांगा एकदमच निघणार, एकमेकींच्या मधून आरपार जाणार. मग एकदा टोपीवाली फिरवणार, एकदा ओढणीवाली. दोघींना सारखं काम. पिंटो मिस म्हणाल्या होत्या, "मधल्या सुट्टीत जमलं, तर गॅदरिंगला तुझा. नाहीतर खलास, जुनाच."

आणि सुट्टी संपत आली होती.

"खैरून, तू बाजूला का झालीस?"

"ती आली ना समोरून," खैरुन्निसा म्हणाली.

"तिला यायचंच आहे! तुलाही जायचंय!"

"जातच होते गं. पाय सरकला."

सरकला कुठे, तर भिंतीकडे. ओढणीवाल्या चौघींचाही. बाजारच्या गल्लीत समोरून पुरुष आला की अंग चोरून उभ्या राहतात, तश्शाच. आणि टोपीवाल्या मधून सुसाट!

"टोप्या बदला. यल्ला, चला लवकर!"

टोप्या बदलल्या. आता खैरुन्निसा अशी आली, जशी काही गल्ली तिच्या बापाचीच. आणि मघाशी बैलासारखी धडकणारी शहनाझ भिंतीला चिकटली.

"शहनाझ! मघाशी तूच होतीस ना ती?"

"होते की. पण तेव्हा टोपी होती."

"या अल्ला! सरका, मी दाखवते. नाक समोर ठेवायचं आणि चालायचं. यात काय डोंगर खणायचाय?"

अजरा शहनाझच्या जागी उभी राहिली. ग्रामोफोन लागला. खैरुन्निसा टोपी सारखी करून निघाली. अजराही निघाली, हनुवटी वर करून. एक पाऊल सरळ. दुसरंही सरळ. खैरुन्निसा अगदी पुढ्यात आली, आणि अजराचा खांदा भिंतीच्या चुन्याला घासला.

गाणं आपलं वाजतच होतं. व्हरांड्यात पिंटो मिस घंटेकडे निघाल्या.

"आता ओरड की स्वतःच्या पायाला!" हव्वाबी म्हणाली.

अजराचे कान लाल झाले. तिने खांद्यावरचा चुना झटकला, ओढणी कमरेला खोचली, आणि अंगणाच्या बरोब्बर मधोमध जाऊन उभी राहिली.

"खैरून," ती म्हणाली, "आता ये."