खांबावरची त्राम

होई आन या आमच्या नदीकाठच्या गावी त्या पावसाळी दिवशी मी पाहुणी होते. आमचं जुनं घर आता माझ्या बालमैत्रिणीकडे, दिएमकडे आहे. तिथल्या खांबावर दरेक पुराची रेघ कोरलेली, आणि शेजारी माझ्या धाकट्या बहिणीच्या, त्रामच्या उंचीची. चौथ्या वर्षी पुरानं तिला नेलं. ती रेघ एकदा बोटांनी चाचपायची होती, म्हणून तर आले.

कमरेशी असायला हवी ती रेघ माझ्या खांद्याशी होती.

“म्हातारे, तूच आखडलीस गं!” दिएम हसली.

मी खांबाला पाठ टेकून ताठ उभी राहिले. दिएम समोरच होती, दोन्ही हातांत चहाची किटली धरून.

माझ्या डोक्यावर एक ओला तळहात अलगद आडवा टेकला, उंची मोजताना टेकतात तसा.