काजलडांग्याची वस्ती

नाव मशिदीवरून चालली होती, म्हणून गोलेनूरने तोंडातलं पान गालात दाबलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला. चहूकडे ब्रह्मपुत्रेचं पाणी, धुक्यात कुठे मिसळलं ते न कळणारं. मशीद पाण्याखाली होती. अकरा वर्षं खालीच होती.

मशीद ओलांडली तसा पदर मागे गेला. "हे जमीलाचं अंगण," ती बांबूने नाव रेटत म्हणाली. "हिच्या फणसाला मेली कधी गोडी नव्हती."

पुढे बसलेल्या भाचीचं लक्ष नव्हतं. मोर्शेदा फोन उंच धरून रेंज शोधत होती. काजलडांगा गाव आता नदीकाठच्या सरकारी बांधावर, पत्र्याच्या खोपटांत राहत होतं. तिथे रेंज येत नसे. येई ती इथे, बुडालेल्या गावाच्या डोक्यावर. परदेशातल्या फेलोशिपचा अर्ज दुपारी बाराला बंद होणार होता आणि साडेअकरा होऊन गेले होते.

तीन महिने तिने बांधावरच्या बायकांना विचारून पाण्याखालच्या शेतांचा नकाशा काढला होता. कुणाची हद्द कुठपर्यंत, कुणाचं केळीचं बन कुठे. नदी कधी ना कधी जमीन परत देते. कायद्याने ती ज्याची त्याची, पण पहिल्या दिवशी तिथे गावच्या मातब्बराची माणसं लाठ्या घेऊन उभी असतात आणि बाईला विचारतात, तुझी कशावरून? फेलोशिप मिळाली तर नकाशा पुरा होणार होता. वकील मिळणार होता.

"आली रेंज. थांबव, फुपू," ती आत्याला म्हणाली.

'प्रकल्पाची जागा दाखवा,' अर्जात होतं. मोर्शेदाने फोनवरच्या नकाशात निळ्या पाण्याच्या मधोमध बोट टेकवलं. लाल खूण उमटली. पुढचा रकाना: 'या जागी सध्या किती लोक राहतात?' तिने शून्य लिहिलं. रकान्याखाली लाल अक्षरं आली, अर्ज पुढे सरकेना. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, कुणी राहतच नसेल तर न्याय हवाय कुणाला?"

"असं लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये गं. म्हणतोय तसंच." मोर्शेदाने घड्याळ पाहिलं. "मी बांध दाखवते. तिथे आपण तीनशे बारा माणसं आहोत. सरळ जाईल अर्ज."

"बांध आपल्या बापाचा आहे?"

"नाही."

"मग? उद्या जमीन वर आली की मातब्बर तुझाच कागद नाचवेल. बघा, ही बांधावरची माणसं, पोरीने स्वतः लिहून दिलंय." गोलेनूरने पानाची पिंक दूर टाकली, जमीलाच्या अंगणापासून लांब. "इथेच टाक की तीनशे बारा."

"खोटं होईल. ते लोक आकाशातून फोटो काढून तपासतात."

"आकाशातून?" गोलेनूरने वर पाहिलं आणि पदर पुन्हा नीट केला.

बोलता बोलता नाव वाहू लागली होती. ती अडवायला गोलेनूरने बांबू जोराने खाली सोडला, आणि तो मध्येच तळाला टेकून थांबला. तिने उचलून शेजारी रोवला. तिथेही थांबला. गेल्या साली याच जागी दोन बांबू जोडूनही तळ लागला नव्हता.

गोलेनूरने नावेचा दोर मनगटाला गुंडाळला, लुगडं खोचलं आणि ती नावेच्या काठावरून खाली उतरली. पाणी कमरेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मग अंधारात आपल्या घरात चालावं तशी ती हात पुढे करून चालली, चार पावलं सरळ, दोन डावीकडे, आणि उंबरा ओलांडावा तसा एक पाय उचलून पुढे टाकला. धुकं तिच्या भोवती फिरत राहिलं.

"इथे चूल," ती म्हणाली. "धूर त्या बाजूने जायचा. तुझ्या बापाला खोकला यायचा आणि तो मला शिव्या द्यायचा."

"फुपू, वर ये. वाहून जाशील."

"घर गेलं तेव्हा नाही गेले, ती आता जाते? लिही तू."

"काय लिहू?"

"राहते म्हणून लिही. आकाशातून बघू देत खुशाल."

मोर्शेदाने शून्य पुसलं. एक लिहिलं. लाल अक्षरं गेली आणि खाली अर्ज पाठवायचं बटण हिरवं झालं. बाराला चार मिनिटं होती. तिचा अंगठा बटणाच्या वर थबकला.

"किती लिहिलंस?" फुपूने पाण्यातून विचारलं.

"एक."

"एक?" गोलेनूरने पाण्यावर हात आपटला. "आणि तू कोण, पाहुणी? म्हातारीला एकटीला घरात टाकून नावेत बसलीये, लाज आहे का? उतर खाली."

फोन डोक्यावर उंच धरून मोर्शेदाने एक पाय नावेबाहेर टाकला. तळ तिला वाटला होता त्याहून बराच वर होता.