तोर्दिसचा चांगला शब्द

"जा, आणि रिकाम्या हातानं ये!" तोर्दिस धक्क्यावरून ओरडली. "जाळी फाटोत तुझी, मेल्या!"

हिल्मारनं मागे न बघता हात हलवला आणि होडी बाहेर काढली.

शेजारी उभ्या असलेल्या हायकेच्या अंगावर काटा आला. ती गावातली नवी पाद्री, जर्मनीहून आलेली. नॉर्वेजियन ती पुस्तकातून शिकली होती आणि आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा शुद्ध बोलायची. आमच्या किनाऱ्याची बोली मात्र ओस्लोच्या माणसालाही एका दमात कळत नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. कॉड माशांचा हंगाम सुरू झाल्यापासून हायके रोज सकाळी ही शिवीगाळ ऐकत होती. एक्कावन्न वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला हे असले बोल!

दुपारी ती तोर्दिसच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. तोर्दिस कॉडच्या जिभा तळत होती.

"गुरुवारी वादळ आहे म्हणतात. तरी हिल्मार जाणार?"

"जाणार. डिसेंबरात हृदयात दोन स्टेंट बसवले, डॉक्टरनं ईस्टरपर्यंत समुद्र बंद सांगितला. मुलगी फोनवर रडली. मी बूट लपवले, तर शेजाऱ्याचे घालून गेला. मोठ्या होड्या तसल्या वाऱ्याला पुरून उरतात. आमची इनमीन आठ मीटरची." तोर्दिसनं कढईतल्या जिभा उलटल्या. "गुरुवारी गेला तर परत नाही यायचा तो, बाई."

"आणि तरी तुम्ही त्यांना शिव्या घालता?"

"ती आमची बोली आहे," तोर्दिस ताठ झाली. "हिच्यापायी शाळेत सगळे हसले, तरी सोडली नाही मी. आता तुम्ही आलात म्हणून तिला धुऊन इस्त्री करू का?"

"पण नशिबाला तुमच्यात शब्दच नाही का?"

"ढीगभर आहेत. लॉटरीचा वेगळा, लग्नाचा वेगळा, योगायोगाचा वेगळा. तुमच्यात?"

"नशीब आणि सुख, दोन्हीला एकच." हायके म्हणाली. "तो शब्द माझ्या वडिलांना म्हणायचा राहिला. भांडून घराबाहेर पडले, आणि परत पोचले तेव्हा ते गेले होते. तोर्दिसबाई, हे शेवटचं जाणं असेल तर ते चांगल्या शब्दावर होऊ द्या. नशीब साथ देवो, इतकंच म्हणा."

तोर्दिसनं शेगडी बंद केली.

"मी? हिल्मारला? धक्क्यावर, सगळ्यांसमोर?"

"एकदाच."

"एक्कावन्न वर्षांत हे जिभेवर येऊ दिलं नाही मी," तोर्दिस म्हणाली. "पण म्हणेन."

गुरुवारी सकाळी वारा असा होता की धक्क्यावर उभं राहवत नव्हतं. हिल्मार उसन्या बुटांत होडीत चढला, इंजिन चालू केलं, दोर सोडला. शेजारच्या मोठ्या होडीवरून कुणीतरी ओरडलं, "काय मावशी, आज शिव्यांचा साठा संपला वाटतं?"

तोर्दिसनं कोटाची बटणं लावली आणि पार कडेपर्यंत गेली.

"हिल्मार! नशीब तुला साथ देवो! होडी भरून मासे मिळोत!"

हायकेचे डोळे भरून आले. आपला शब्द शेवटी कुणाच्या तरी कामी आला, असं तिला वाटलं आणि ऊर अभिमानानं भरून आला.

हिल्मारनं इंजिन बंद केलं. मग शेजारच्या दोन मोठ्या होड्यांचीही इंजिनं बंद झाली. वाऱ्याशिवाय कसलाच आवाज येईना.

हिल्मारनं दोर पुन्हा खुंटाला बांधला आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं शिडी चढून वर आला.

"अगं अवदसे," तो म्हणाला, "एक्कावन्न वर्षं शिव्या घालून मला जिवंत परत आणलंस, आणि आज भर धक्क्यावर असा शाप दिलास? आता आठवडाभर समुद्रावर पाऊल टाकायची कुणाची छाती आहे!"