पाठमोरं दर्शन

"बेबीबाई, पाठ कुणाकडं केलीय ते तरी बघा!"

गंगूताईंनी जोडलेले हात तसेच ठेवून मागं मान वळवली आणि सुनावलं. लेण्यात अकरा बाया बुद्धाच्या उंच मूर्तीसमोर उभ्या होत्या. बारावी, बेबीबाई राठोड, दारातच मूर्तीकडं पाठ करून उभी होती आणि बाहेर अंगणात टक लावून बघत होती. गंगूताईंच्या घरात पुसेगावच्या एका देवळाची पूजा तीन पिढ्यांची. देवळातून निघतानाही त्या देवाकडं तोंड ठेवूनच मागं सरकत. ही बाई तर आत यायच्या आधीच पाठ फिरवून मोकळी झाली होती.

ही अभ्यास सहल होती. हिंगोली जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. ग्रामपंचायतीत राखीव जागांवर निवडून आलेल्या बायांना कारभार शिकवायला औरंगाबादला आणलं होतं. दोन दिवस भाषणं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी शहरामागच्या डोंगरावरची ही लेणी. पायऱ्या चढताना भल्याभल्यांचा दम निघाला. बेबीबाई मात्र रोज डोक्यावर दोन घागरी घेऊन टेकडी चढणारी. आज डोकं रिकामं, त्यामुळं ती सगळ्यांच्या आधी वर पोचली.

पण तिला सोमवारची धास्ती होती. सोमवारी तिला एका ठरावावर सही करायची होती. माळावरचा तांडा उठवून खाली ओढ्याकाठी बसवायचा, असा तो ठराव. सहलीला सोबत आलेला गावचा ग्रामसेवक अनिरुद्ध जोशी माणूस वाईट नव्हता. तांड्याला पाणी मिळावं म्हणूनच तो धडपडत होता. फक्त त्याचं पालुपद एकच. "पाणी टेकडीवर चढत नसतं, बेबीबाई. पाणी पाहिजे तर तुम्ही खाली उतरा."

खाली उतरायचं म्हणजे चाळीस घरं, सेवालाल महाराजांचा ओटा, आज्यानं बैलाच्या पाठीवरून शेवटची गोणी उतरवून जिथं चूल मांडली ती जागा, सगळंच सोडायचं. न सोडावं तर सून डोळ्यांपुढं यायची. सुनिता भरल्या घागरींसकट उतारावर घसरली होती. मोडलेला हात अजून गळ्यात होता. बेबीबाई मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नसे. याही वेळी गुमान सही करायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

आणि आता समोर हे. अंगणाच्या कडेला कातळात कोरलेलं चौकोनी टाकं. एप्रिल संपत आला होता, आणि टाक्यात पाणी होतं.

ती तरातरा बाहेर गेली. वाकून हात बुडवला. पाणी गारेगार होतं.

"दादा, ह्याच्यात पाणी कुठून आणून टाकता?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

"टाकतंय कोण, मावशी? ते वर बघा." त्यानं काठीनं कातळाचा उतार दाखवला. वरपासून टाक्यापर्यंत वीतभर रुंद चर कोरलेला होता. "पावसाळ्यात डोंगराचं पाणी त्या चरानं खाली येतं. पूर्वी इथं भिक्खू राहायचे. उन्हाळाभर हेच प्यायचे."

"किती वर्सं झाली?"

"तेराशे तर झालीच असतील."

"मोटार न्हाई? पाइप न्हाई?"

"छिन्नी अन् हातोडा," पहारेकरी हसला.

बेबीबाईनं लेण्याकडं तोंड करून अशी हाक मारली की आतल्या बायांचे जोडलेले हात सुटले. "साहेब, बाहेर या!"

अनिरुद्ध धावतच आला. कुणीतरी पडलं की काय, असं त्याला वाटलं.

"तुमी म्हणता पाणी टेकडीवर चढत न्हाई. बराबर हाय," बेबीबाई म्हणाली. "पण चढवायचं काहून, साहेब? ते तं वरूनच येतं!"

अनिरुद्धनं टाक्याकडं पाहिलं, चराकडं पाहिलं. मग खिशातून डायरी काढली आणि टाक्याच्या काठावर चक्क मांडी घालून बसला. आकृती काढता काढता त्याची डायरीची चार पानं भरली. तोवर खाली ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बेबीबाईचं दर्शन राहिलं ते राहिलंच. गंगूताई हिंगोली येईपर्यंत पुटपुटत होत्या.

सोमवारी बेबीबाईनं सही केली, पण दुसऱ्याच ठरावावर. तो तिनं स्वतः मांडला होता आणि तोही उभं राहून. काम रोजगार हमीत बसलं. दोन उन्हाळे तांडा आपल्याच टेकडीचा कातळ फोडत होता. हातांना घट्टे पडले, पहारी बोथटल्या. टाकं झालं, माथ्यापासून चर झाला, वर फरशीचं झाकण बसलं. त्या पावसाळ्यात टाकं काठोकाठ भरलं आणि पुढच्या एप्रिलातही हात बुडेल एवढं पाणी राहिलं. तांड्यानं डफडं काढलं. आरशांचे घागरे घालून बाया टाक्याभोवती नाचल्या. बेबीबाई सगळ्यांत पुढं होती. आनंद तिच्या अंगात मावत नव्हता.

गंगूताई धापा टाकत माळ चढून आल्या. सुनितानं दोन्ही हातांनी कळशी शेंदून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. पोटभर प्यायल्यावर गंगूताईंना हुशारी आली.

"पाणी गोड आहे हो," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या लांब जाऊन तुम्ही देवाकडं पाठ केली, ते काही माझ्या मनातून जात नाही बघा."

"मूर्ती पाहायची राहिली, खरं हाय ताई," बेबीबाई तोंडावरचा घाम पुसत म्हणाली. "पण तुमी समद्या देवाकडं पाहून राहिल्या होत्या, अन् देव जिकडं पाहून राहिला होता, तिकडं मी."